विल्माच्या पावलाचे माप

गेयझा ओरावेत्स यांच्या स्वयंपाकघरात चुलीच्या डाव्या अंगाला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला लाल लोकरीचा दोरा टांगलेला असे. दोऱ्याला दोन गाठी होत्या. त्यांच्यामधले अंतर बरोबर अठ्ठावन्न सेंटिमीटर. झाडलोट करताना कोणी तो उचलून टेबलावर ठेवला, तर गेयझा उठत आणि पुन्हा खिळ्याला लावत. वस्तू जागच्या जागी असावी, हा त्यांचा स्वभाव होता. ज्याने तीस वर्षे जंगलातल्या लहान रेल्वेच्या रुळांवरून रोज पहाटे चालत जाऊन रुळांखालच्या एकेका लाकडी स्लीपरचे बोल्ट तपासले, त्याला दुसरा स्वभाव परवडणाराही नव्हता.

दोऱ्याची हकिगत समजायची, तर यासेनिन्का गावची धाव समजली पाहिजे. सहा जानेवारीला, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या सणाच्या सकाळी, गाव डोंगरावरच्या छोट्या प्रार्थनामंदिरापर्यंत धावत जाते. अंतर साडेचार किलोमीटर, निम्म्याहून अधिक चढ, आणि बर्फ बहुधा गुडघाभर. सर्वांत पुढे एकजण वाट पाडतो. बाकीचे त्याच्या पावलांच्या खळग्यांत पाऊल टाकत, एकामागे एक, मुंग्यांच्या रांगेसारखे येतात. पुढच्याला ओलांडायचे नाही. वर पोहोचल्यावर वाट पाडणाऱ्याने घंटेचा दोर हातात धरून उभे राहायचे आणि शेवटचा माणूस येईपर्यंत घंटा वाजवायची नाही. घंटा वाजल्याखेरीज रम घातलेला चहा ओतला जात नाही आणि कोणी खाली उतरत नाही. न येणाऱ्याला कोणी बोल लावत नाही. परंतु जो निघाला त्याच्यासाठी थांबायचे, मग हवा कशीही असो.

एकोणीसशे बाहत्तर साली वाट पाडण्याचा मान प्रथमच गेयझाकडे आला. वय पंचवीस, छाती भरदार, पाय लांब. चीज करणाऱ्या दुग्धशाळेतल्या मुली त्या वर्षी रांगेत आहेत, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो हरणासारखा झेपा टाकत चढला आणि वर जाऊन दोर हातात धरून ऐटीत उभा राहिला. रांग हळूहळू येत गेली. शेवटची मुलगी मात्र येईना. उणे सोळा अंशांत सगळे गाव पस्तीस मिनिटे उभे होते. लोकांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, आणि अल्बिन सुताराच्या डाव्या कानाची पाळी गारठून काळी पडली.

ती मुलगी विल्मा होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची. गेयझाच्या दोन पावलांमध्ये तिला प्रत्येक वेळी एक पाऊल नव्या बर्फात टाकावे लागले होते आणि प्रत्येक वेळी ती मांडीपर्यंत रुतली होती. वर आल्यावर ती रडली नाही. पापण्यांवरचे बर्फ पुसून तिने गेयझाकडे पाहिले.

"वाट छान पाडलीस. पण ती तुझ्या एकट्याच्या पायांची आहे. मग आम्हाला कशाला बोलावलंस?"

गेयझाने त्यानंतर आठ दिवस नीट जेवण घेतले नाही. पुढच्या रविवारी तो लाल लोकरीचा दोरा घेऊन दुग्धशाळेच्या अंगणात गेला आणि विल्माला म्हणाला की, या ताज्या बर्फावरून एकदा सरळ चालून दाखव. ती चालली. तो गुडघ्यांवर बसून खळग्यापासून खळग्यापर्यंत दोरा धरू लागला. खिडकीत मुली गोळा झाल्या. त्यांतली एक म्हणाली, "अगं विल्मे, लग्नाआधी अंगठीसाठी बोटाचं माप घेतात म्हणतात. हा तर पायाचं घेतोय!" त्या वर्षीच्या शरद ऋतूत दोघांचे लग्न झाले, तेव्हा हे वाक्य अल्बिनने भर पंगतीत, आपल्या कानाच्या हकिगतीसह, पुन्हा सांगितले.

त्यानंतर गेयझांचे पाऊल अठ्ठावन्नाच्या बाहेर गेले नाही. डिसेंबर लागला की ते अंगणात दोरा अंथरून सराव करीत. गुडघा छातीपर्यंत उचलायचा, पाऊल वरून सरळ खाली टाकायचे, तिरके नाही. तिरक्या पावलाने खळग्याची कडा ढासळते आणि मागच्याचा पाय घसरतो. पंचेचाळीस वर्षे त्यांनी वाट पाडली, आणि पंचेचाळीस वर्षे घंटा दहाच्या आत वाजली. विल्मा नेहमी शेवटी येई. हौसेनेच शेवटी येई. वर पोहोचली की घंटेआधी मान एकदाच हलवी, म्हणजे माप बरोबर होते.

चार वर्षांपूर्वी विल्मा गेली. गेल्या उन्हाळ्यात गेयझांचा उजवा गुडघाही कुरकुरू लागला. जिल्ह्याच्या गावच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितले की, दुसऱ्यांच्या वाटेवरून हळूहळू जाणार असाल तर जा, पण वाट पाडणे बंद. तेव्हा मान एवेलिनाकडे गेला. एवेलिना गावच्या शाळेत शिक्षिका होती. वय एकोणतीस, उंची गेयझांहूनही दोन बोटे अधिक. नोव्हेंबरात ती शिकायला आली. गेयझांनी तिला गुडघा कसा उचलायचा ते दाखवले, कडा का राखायची ते सांगितले आणि खिळ्यावरचा दोरा काढून तिच्या हातात दिला. त्या रात्री प्रथमच तो खिळा रिकामा राहिला.

"माप जपायचं, मास्तरीणबाई. शेवटचा माणूस लक्षात ठेवायचा."

"आणि तुम्ही, काका? तुम्ही येणार ना?"

गेयझांनी विषय बदलला. मनात मात्र त्यांनी ठरवले होते की, जायचे नाही. आपण निघालो, तर शेवटचे आपणच असणार. आपला गुडघा अठ्ठावन्न पेलणार नाही. मग लोक बर्फात उभे राहतील, मुलांच्या हातांची बोटे सुन्न होतील, एवेलिना दोर धरून ताटकळेल, आणि ज्याने घंटेला पंचेचाळीस वर्षे कधी उशीर होऊ दिला नाही, तोच तिला अडवील. या कल्पनेने त्यांची झोप उडे. अल्बिनने एकदा विचारले, तेव्हा त्यांनी सर्दीचे निमित्त सांगितले. अल्बिन म्हणाला, "सर्दी डिसेंबरात सांगतोस आणि धाव जानेवारीत आहे. इतक्या आधी ठरवून सर्दी फक्त तुलाच होते, गेयझा."

सणाला तीन दिवस उरले असता गेयझांना खिडकीतून एवेलिना दिसली. ती अंगणात, दारापासून लाकडांच्या खोपटापर्यंतच्या त्यांच्या रोजच्या पायवाटेवर ओणवी होऊन काहीतरी शोधत होती. हातमोजा पडला असावा, असे त्यांना वाटले. आत आल्यावर ती चुलीपाशी हात शेकत म्हणाली की, यंदा रांगेत एकतीस जण आहेत आणि त्यात तुमचे नाव मी लिहिले आहे.

"खोडून टाक. माझ्यामुळे घंटा अडेल."

"अडू दे," ती म्हणाली. "विल्माकाकूंसाठी पस्तीस मिनिटं अडली होतीच की."

 सणाच्या सकाळी गेयझा उठले, थंडी अडवायला गालांना हंसाची चरबी चोळली, स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घातली आणि चर्चच्या फाटकापाशी जाऊन रांगेच्या टोकाला, अल्बिनच्या मागे, उभे राहिले. अल्बिनने मागे वळून पाहिले आणि आपल्या टोपीची डावी पाळी मुद्दाम कानावर खाली ओढली.

उणे चौदा होते. रात्री नवे बर्फ पडले होते. रांग हलली. थोड्याच वेळात बोलणे थांबले आणि तीस माणसांच्या श्वासांचा आवाज तेवढा उरला. गेयझा खाली पाहत धावत होते. पंचेचाळीस वर्षे त्यांनी आपल्यापुढे फक्त कोरे बर्फ पाहिले होते. पाडलेली वाट रांगेच्या टोकावरून कशी दिसते, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते: निळसर सावल्यांनी भरलेले खळगे, प्रत्येकाच्या तळाशी अनेकांच्या टाचांनी दाबलेले घट्ट बर्फ, आणि पुढच्याच्या पाठीवरून उठणारी वाफ. विल्मा दरवर्षी हेच पाहत आली होती. आपण तिला तिथे काय दिसते, हे एकदाही विचारले नाही, याचे त्यांना त्या चढावर फार वाईट वाटले.

लाकूडतोड्यांच्या झोपडीपाशी खरा चढ लागला. येथे खळगे लांबतील, येथे आपला गुडघा हरेल, म्हणून त्यांनी दात आवळले. खळगे लांबले नाहीत. पाय आपोआप बरोबर जागी पडत गेला. पुढून कोण्या तरुणाची कुरकुर ऐकू आली की, बाई आज आम्हाला बालवाडीच्या पोरांसारखे नेत आहेत. गेयझांचे पाय तीस वर्षे स्लीपर मोजत आलेले. त्यांना फसवणे कठीण होते. हे अठ्ठावन्न नव्हते. बीच वृक्षांच्या राईत ते क्षणभर थांबले, खाली वाकले आणि दोन खळग्यांमध्ये वीत लावून पाहिली. दोन विती आणि दोन बोटे. जवळपास पन्नास.

तेव्हा त्यांना अंगणातल्या पायवाटेवर ओणवी होऊन हातमोजा शोधणारी एवेलिना आठवली. ते सरळ उभे राहिले. आधी कान तापले, कारण आपल्याला कोणी मोजले हे त्यांना रुचणारे नव्हते. मग ते पुन्हा धावू लागले.

प्रार्थनामंदिर दिसले तेव्हा दहा वाजून बावीस मिनिटे झाली होती. सगळे जण पाय आपटत उभे होते. एवेलिनाच्या हातात दोर होता, पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. अल्बिनच्या पाठोपाठ गेयझा तिच्यासमोर येऊन थांबले. तिने दोर ओढला नाही. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. गेयझांना कळले की ती कशासाठी थांबली आहे. त्यांनी मान एकदाच हलवली. मग घंटा वाजली.

चहाच्या वेळी ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "माप मोडलंस. अठ्ठावन्न दिलं होतं मी."

"तुम्हीच म्हणालात ना, शेवटचा माणूस लक्षात ठेवायचा?" तिने खिशातून लाल दोरा काढला. दोन गाठींच्या आत तिसरी, नवी गाठ होती. "एक्कावन्न. खोपटापर्यंतची पावलं मोजून घेतली. हा घ्या तुमचा दोरा, खिळ्याला लावा."

गेयझांनी नव्या गाठीवरून अंगठा फिरवला. गाठ घट्ट आणि नीटनेटकी होती. दोष काढण्याजोगे काही नव्हते. त्यांनी दोऱ्याची घडी केली आणि तिच्याच हातमोज्यात सरकवली.

"तुझ्याकडेच राहू दे. पुढच्या डिसेंबरात पुन्हा मोज. आणखी दोन बोटं कमी झालं असेल."

"मग घंटा साडेदहाला होईल," मागून अल्बिन म्हणाला. "मी आतापासूनच सांगून ठेवतो, माझा उजवा कान अजून धड आहे."

घरी आल्यावर गेयझांनी ओले मोजे चुलीवर वाळत घातले. सवयीने त्यांची नजर खिळ्याकडे गेली. तो रिकामा होता. त्यांनी तो तसाच राहू दिला.