गच्चीवरची ढगफुटी

मच्छिंद्र शिरूरकडच्या एका कारखान्यात आयुष्यभर मेंटेनन्सला होता. निवृत्त होऊन राहू गावातल्या घरी आला आणि हाताला काम नाही म्हणून सगळ्यांवर खेकसायला लागला. पुण्यात नोकरी करणाऱ्या सायलीनं, त्याच्या मुलीनं, मग त्याला हवामान मोजायचं यंत्र आणून दिलं. गच्चीच्या कोपऱ्यात पाइप रोवून त्यानं ते स्वतः बसवलं. वर वाऱ्याच्या वाट्या, खाली पावसाचं भांडं. भांड्यात एक झुलती पळी. भरली की कलंडते, कलंडली की खोलीतली डबी मोजते आणि कॉम्प्युटर ते साठवून ठेवतो.

रोज सकाळी दूध घालायला गेला की तो डेअरीच्या फळ्यावर आदल्या दिवसाचा पाऊस लिहायचा. आधी लोक हसले. मग फवारणी धरायची की सोडायची, पाणी द्यायचं की थांबायचं, हे फळा बघून ठरायला लागलं. एकही आकडा मच्छिंद्रनं अंदाजानं लिहिला नव्हता. त्याचा तेवढाच दिमाख होता.

घट बसायच्या आधीचा आठवडा होता. मच्छिंद्र वरवंडला पाहुण्यांच्या दहाव्याला गेला होता. रात्री उशिरा आला आणि झोपला. सकाळी कॉम्प्युटर उघडून बघतो तर कालचा पाऊस दोनशे बारा मिलिमीटर. अंगणात कुठं डबकंसुद्धा नव्हतं.

"साखरे, काल गच्चीवर कोण गेलतं?"

त्याची बायको साखरबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "मी गेलते. घट बसायचेत. घरातली चिंधी न् चिंधी धुतली, गच्ची धुतली. तुमच्या त्या भांड्यात चिमण्यांनी घाण केलती, त्यात पाइप धरला चांगला."

"चांगला."

"मग? देवाचं घर धुवायचं आन् तेवढं घाण ठेवायचं?"

मच्छिंद्र दुधाची किटली घेऊन निघाला. डेअरीवर फुलशेती करणारा बन्सी आधीच मोबाइल घेऊन उभा होता. यंत्राचे आकडे परस्पर कुठल्याशा साइटवर जायचे, ते त्याला दिसत.

"आबा, राहूत ढगफुटी झाली म्हणं. मग माझी शेवंती कुठल्या गावात हाय?"

लोक हसले. मच्छिंद्रनं खडू उचलला आणि परत ठेवला. खोटा आकडा लिहायचा नव्हता, आणि खरा त्याच्याकडं नव्हता. फळा कोरा राहिला. दोनदा कोरा दिसला की तिसऱ्यांदा त्याकडं कोणी बघणार नाही, हे त्याला कळत होतं.

घरी येऊन त्यानं सायलीला फोन लावला. तिनं आधी सगळ्या नोंदींची एक प्रत काढून ठेवायला लावली. हे त्याला पटलं. मशीन खोलायच्या आधी प्रत्येक जोडावर रंगाची खूण करायची, ही त्याची जुनी सवय. पुढचं ती सांगू लागली तसा तो म्हणाला, "ठेव फोन. जमतंय मला."

नोंदी पाच-पाच मिनिटांच्या होत्या, एकाखाली एक. मच्छिंद्रनं त्या दिवसाची प्रत्येक ओळ उघडली, पावसाच्या रकान्यात शून्य टाकलं, जतन केलं, पुढची उघडली. एका बोटानं. डोळ्यांना पाणी आलं, पाठ धरली. दुपारी शेवटची ओळ झाली. दिवसाचा पाऊस बघितला. दोनशे बारा.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दोनशे बारा. 'आजवरचा सर्वाधिक पाऊस' या रकान्यातही साखरबाईची गच्ची मिरवत होती. त्यानं टेबलावर मूठ आपटली, चहाचा कप कलंडला.

सायली म्हणाली, "पप्पा, दिवसाची बेरीज वेगळ्या तक्त्यात करून ठेवलेली असते. ओळी बदलल्या म्हणून ती बदलत नाही. जुनी पुसून नव्यानं करायला लावायची."

"एकच गोष्ट दोन ठिकाणी कशाला ठेवायची?"

"लवकर दिसावी म्हणून."

"लवकर दिसतीय. खोटी दिसतीय."

"तेच सांगत होते सकाळी. तुम्ही फोन ठेवायला लावला."

तो परत कॉम्प्युटरसमोर बसला. तिनं सांगितलं तसं केलं. नव्यानं बेरीज करताना पडद्यावरची पट्टी मुंगीसारखी सरकत होती. मध्येच लाईट गेली. लाईट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. दिवस मावळताना आकडा बदलला. शून्य.

"झालं एकदाचं," तो म्हणाला. "काल पाऊस शून्य."

साखरबाई गोधड्यांच्या घड्या घालत होती. "शून्य कसा? या गोधड्या मी परत पिळल्यात."

"तू धुतलेल्याच होत्या की त्या."

"चार वाजता वाळून खडखडीत झालत्या. मग भुरभुर आली. मी जिना चढून वर जाईस्तवर भिजल्या. निम्म्या अजून ओल्या हायत."

 धुण्याच्या पाण्याबरोबर मच्छिंद्रनं खरा पाऊसही पुसला होता. सगळा दिवस, एका बोटानं, नीट. त्याला स्वतःचाच राग आला. गंजलेला बोल्ट तोडताना चांगला आटाही उडवावा, तसं झालं होतं.

"पाइप कवा बंद केलास?"

"मी कशाला बंद करते? लाईट गेली, मोटार थांबली. जेवणाच्या वक्ताला."

"मग बादलीनं धुतलं का?"

"बादली वर न्यायला माझे गुडघे हायत का?"

आदल्या दिवशी लाईट गेली तेव्हा कॉम्प्युटरही बंद पडला होता. भिंतीवरची डबी सेलवर चालत राहिली आणि नंतरच्या नोंदी तिनं मागाहून दिल्या. मागाहून आलेल्या ओळींवर वेगळी खूण होती, त्यामुळं लाईट कुठं गेली तो खंड स्पष्ट दिसत होता. खंडाआधीचं पाणी मोटारीचं. नंतरचं आभाळाचं.

त्यानं जपलेली प्रत परत चढवली. दोनशे बारा पुन्हा पडद्यावर आले. ते बघून त्याला शिसारी आली. मग खंडापर्यंतच्या ओळी शून्य केल्या, पुढच्यांना हात लावला नाही, जुनी बेरीज पुसली, पट्टीसमोर बसून राहिला. सगळं काम दुसऱ्यांदा. पहिल्यांदाच बायकोला विचारलं असतं तर एकदाच झालं असतं. साखरबाईनं ताट आणून ठेवलं, तरी तो उठला नाही.

सकाळी डेअरीच्या फळ्यावर त्यानं दोन दिवसांचे आकडे लिहिले. परवा अडीच मिलिमीटर. काल शून्य.

बन्सीनं मोबाइल पुढं केला. "आबा, हितं अजून ढगफुटीच हाय."

ते खरं होतं. त्या साइटवर गेलेला आकडा मागं घेता येत नव्हता. सायलीनंही हात टेकले होते.

"अडीच कशावरून?" बन्सी म्हणाला.

"आमच्या गोधड्या अजून वाळंना झाल्यात."

बन्सी हसला नाही. परवा सकाळी शेवंतीवर मारलेलं औषध धुऊन गेलं का, हा घोर त्याला दोन दिवस होता. त्यानं मोबाइल खिशात घातला आणि फळ्यावरचा आकडा परत वाचला.

"मंग मारतो परत," तो म्हणाला.

मच्छिंद्र घरी आला. गच्चीवर जाऊन भांड्याचे स्क्रू त्यानं ढिले करून बघितले, हातानं निघतील एवढे, आणि खाली साखरबाईला हाक मारून सांगितलं, की पुढच्या वर्षी घट बसताना हे भांडं उतरवून तुझ्या हातात देईन, मग हवं तेवढं धू.