सांडलं नाही, शिंपडलं

दसरा होऊन गेल्यावर एका दुपारी, मी एक वाक्य टाइप करत असताना, लॅपटॉप बंद पडला. आवाज वगैरे काही झाला नाही. पडदा काळा झाला आणि त्यात मला माझाच चेहरा दिसला. वीज गेली असेल म्हणून मी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. आणि वीज गेली तरी लॅपटॉप थोडा वेळ चालतो, म्हणून तर तो घेतला होता.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. साताऱ्यात आमच्या भागात कॉम्प्युटर म्हणजे क्लास लावून बघायची वस्तू होती, लॅपटॉप तर कुणी पाहिलाच नव्हता. शेजारच्या काकू त्याला ‘पेटी’ म्हणत. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी ओळखीच्या माणसाकरवी तो पुण्याहून मागवला होता. फक्त माझ्यासाठी.

माझं शिक्षण छावण्यांमधल्या इंग्रजी शाळांत झालं. बदली झाली की नवी शाळा, नवा वर्ग, पुन्हा उभं राहून आपलं नाव सांगणं. त्यातून मला इंग्रजी चांगलं लिहिता यायला लागलं आणि बोलणं मात्र कुठल्याच भाषेत जमेनासं झालं. चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की तोंडाशी आलेला शब्द परत आत जायचा. बी.ए. झाल्यावर एका मामांनी इथल्याच इंग्रजी शाळेत माझ्यासाठी शब्द टाकला. दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हा, असं शाळेनं सांगितलं. वर्गासमोर उभं राहून रोज बोलायचं, या कल्पनेनंच माझं जेवण कमी झालं होतं.

म्हणून मी माझी माझी एक वाट शोधली. पुण्याचे एक प्रकाशक लेखकांची हातानं लिहिलेली इंग्रजी पुस्तकं टाइप करून, भाषा तपासून फ्लॉपीवर घ्यायचे. त्यांनी मला एक पुस्तक दिलं. आबांशी ठरलं की हे दिवाळीच्या आत वेळेवर गेलं आणि पुढचं मिळालं, तर शाळेला नाही म्हणायचं. नाही गेलं, तर शाळा. आबा दिलेला शब्द मोडत नसत, आणि मलाही मोडू देत नसत.

काम चांगलं चाललं होतं. कुणी खोलीत आलं की मी झाकण लावून घ्यायची. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, उसावरच्या किडीबद्दलचं पुस्तक होतं ते. पण उघडा लॅपटॉप म्हणजे कुणी आपली वही वाचतंय असं वाटायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं पाटावर मांडतात. विळी, खुरपं, कोयता, सायकलचे पाने, आईची शिलाई मशीन, आणि आबांना शेजारच्या पलटणीतल्या एका गुरखा मित्रानं दिलेली कुकरी. त्या वर्षी सगळी मांडामांड झाल्यावर आबांनी मला हाक मारली.

“तुझं हत्यार आन.”

“माझं कुठलं?”

“कुठलं म्हंजे? जेच्यावर मानूस पोट भरतो ते हत्यार. आन पेटी.”

मी आणली. मला बरं वाटलं होतं, हे खरं आहे. आजवर त्या पाटावर माझं काही नव्हतं. मी तो मिटून ठेवला तर आबा म्हणाले, “उघड की. दार लावल्याल्या देवाला कोन हात जोडतं?”

मग हळद-कुंकू झालं, अक्षता झाल्या, झेंडूचं फूल झालं. आबांनी नारळ फोडला, पाणी वाटीत धरलं आणि आंब्याच्या डहाळीनं सगळ्या हत्यारांवर शिंपडलं. कुकरीवर, मशीनवर, बटणांवर. मी पटकन ओढणीनं थेंब टिपले. आबांनी ते पाहिलं आणि डहाळी ताटात ठेवली. संध्याकाळी मी भीत भीत लॅपटॉप सुरू केला तर तो चालला. पुढचे दोन-तीन दिवसही चालला. फक्त काही बटणं दाबली की जरा उशिरानं वर यायची.

आणि मग तो काळा पडदा.

लॅपटॉपबरोबर वॉरंटीचं एक कार्ड आलं होतं. आबा त्याला ‘वॉरंट’ म्हणायचे. फौजेत रजेवर निघताना जवानाला रेल्वेचं वॉरंट मिळतं. ते दाखवलं की कुणी तिकीट मागत नाही, कुणी गाडीतून उतरवत नाही. आबांचा सगळा संसार त्या वॉरंटावर आसाम ते जम्मू फिरला होता. फौजेच्या डिस्चार्ज बुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून त्यांनी ते कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

“वॉरंट हाय म्हटल्यावर कंपनीची जबाबदारी. वर्सभर. मग रडायला काय झालं तुला?”

मी रडत नव्हते, पण तसं दिसत असेल. आबांचा आवाज मोठा, आणि भिंतीपलीकडे काकू भांडी घासत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी आईला गाठलं.

“आवं, वारंट निघालंय म्हनं तुमच्यात? कुनावर?”

“पेटीवर,” आई म्हणाली.

“पेटीवर? तिनं काय केलं गं बाई?”

“मेली.”

मला हसू आलं. त्या महिन्यात पुन्हा हसल्याचं आठवत नाही.

आमच्या भागासाठी कंपनीनं नेमलेलं दुकान सांगलीत होतं. लॅपटॉप चादरीत गुंडाळून आबांनी त्यांच्या हिरव्या फौजी पिशवीत घातला आणि आम्ही एस.टी.नं निघालो. पूर्वी ते टाइपरायटरचं दुकान असावं, कारण निम्म्या कपाटांत अजून टाइपरायटरच होते. मालक सांगलीकडचे जैन गृहस्थ, हळू बोलणारे. आबा एका जुन्या टाइपरायटरपाशी रमले. असलाच त्यांच्या पलटणीच्या ऑफिसात होता. मी काउंटरवर लॅपटॉप उघडला.

मालकांनी बटणांवर हलकीच फुंकर मारली, एक बोट फिरवलं. बोटाला कुंकू लागलं.

“दसरा जोरात झाला म्हणायचा,” ते माझ्यापुरतं म्हणाले.

मी नजर वळवली. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरच्या डब्यावरही कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि सुकलेला झेंडू लटकत होता. मी तिकडे बघतेय हे त्यांना कळलं.

“आम्ही बी करतोय की ओ ताई. पण बंद करून, वरच्या वर. पाणी नाही लावत.” मग त्यांनी आणखी आवाज उतरवला. “मला हे खोलता येत नाही, सील हाय. मुंबईचा इंजिनिअर येतोय महिन्यातनं एकदा, तो खोलणार. आत ओल गेली नसली तर कंपनी नवा पार्ट घालून देतीय. ओल सापडली, तर वॉरंटी सुटली.” फडक्याला बोट पुसत ते म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही नाही आला तरी चालतंय. मी बोलतो त्याच्याशी.”

पूजेचं न सांगता ते परस्पर मिटवू बघणार होते, हे मला कळलं. एस.टी.त मी आबांना एवढंच सांगितलं, “आपण नाही गेलो तरी चालेल म्हणाले.”

“असं कसं? वॉरंट आपल्या नावचं. आपुन हजर नको?”

नारळाच्या पाण्याचं मी बोलले असते, तर मग त्यांच्या पूजेनंच लॅपटॉप मेला असं म्हटल्यासारखं झालं असतं. खिडकीबाहेर ऊस होता, मी त्याच्याकडे बघत राहिले. घरी हस्तलिखिताची उरलेली पानं तशीच पडली होती. त्या पंधरवड्यात मी ती हातानंच नीट उतरवून काढली, त्याचा उपयोग नाही हे माहीत असून. प्रकाशकांना फ्लॉपीच हवी होती.

इंजिनिअर यायच्या दिवशी आम्ही सकाळीच दुकानात हजर झालो. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इंजिनिअर मात्र दिवस कलताना आला. मुंबईचा, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा, मराठी न येणारा. त्यानं बशीत बारीक स्क्रू काढून ठेवले आणि लॅपटॉप खालून उघडला. फौजेत किट इन्स्पेक्शनला, सामानाच्या तपासणीला, असावं तसे आबा ताठ बसले होते. आतल्या हिरव्या पाटीवर एका कोपऱ्यात तपकिरी, चिकट डाग होता. त्यानं चिमट्यानं काहीतरी उचललं आणि माझ्यासमोर धरलं. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा.

“व्हॉट इज धिस?”

“राइस,” मी म्हटलं.

“यावर जेवलात की काय?” त्यानं इंग्रजीत विचारलं. थट्टा वाईट मनानं केलेली नव्हती.

“काय म्हनतोय?” आबांनी विचारलं. मी सांगितलं की तांदूळ कसला ते विचारतायत. आबांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, माणूस चौकशी करतोय. ते आपल्या फौजी हिंदीत थेट त्याच्याशीच बोलायला लागले.

“पूजा किया, साब! हमारे में हथियार का पूजा होता है. सबको हल्दी-कुंकू लगाया, नारियल फोडा, नारियल का पानी भी...”

दुकानमालकांनी मान खाली घातली.

“पानी गिराया?” इंजिनिअरनं विचारलं.

“गिराया नहीं!” आबा म्हणाले. “गिराया नहीं, वो...” आणि ते अडले. फौजेच्या हिंदीत हुकूम होते, हत्यारांचे भाग होते, शिव्या होत्या. पूजेचा हा शब्द तिथे कधी लागलाच नव्हता. ते माझ्याकडे वळले. “शिंपडलं याला काय म्हनत्यात गं? सांग तेला.”

इंजिनिअर माझ्याकडे बघत होता. मालक बघत होते. आबा बघत होते.

“सांग की. एवढी शिकलीयास.”

इंग्रजी शब्द मला माहीत होता. तो आहे, अगदी साधा आहे, हेही कळत होतं. हिंदीतलाही माहीत होता. मी तोंड उघडलं आणि दोन्हींपैकी एकही बाहेर आला नाही. इंजिनिअरनं थोडा वेळ वाट पाहिली, मग त्यानं दाणा बशीच्या कडेला ठेवला.

“लिक्विड स्पिल,” तो म्हणाला. “सॉरी.”

मालकांनी त्याच्याशी हिंदीत थोडं बोलून पाहिलं. तो नम्रपणे मान हलवत राहिला आणि एकेक स्क्रू परत बसवत राहिला. वॉरंटी नसताना दुरुस्ती जवळजवळ नव्या लॅपटॉपएवढी पडेल, असं सांगून त्यानं एका फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या.

“काय लिहिलं त्यानं?” आबांनी मला विचारलं.

“पाणी सांडलं म्हणून वॉरंटी लागू होत नाही.”

“सांडलं न्हाई,” आबा मालकांना म्हणाले. “शिंपडलं.”

“मला माहीत हाय की ओ काका,” मालक म्हणाले. त्यांचं लक्ष दारातल्या उन्हाकडे गेलं. चातुर्मास चालू होता, त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं. “चला, माझ्याबरोबर घरला चला. दोन घास खाऊन जावा.”

“नगं,” आबा म्हणाले. “गाडी हाय आमची.”

गाडीत त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरले आणि दोन्ही हातांत काठोकाठ भरलेले चहाचे ग्लास घेऊन परतले. स्टँडवर गर्दी होती, गाडीच्या पायऱ्या उंच, आणि कुणीतरी उतरताना त्यांना धक्काही दिला. माझ्या हातात ग्लास दिला तेव्हा त्याची बाहेरची बाजू कोरडी होती.

“मी सांडनारा मानूस हाय व्हय?” ते म्हणाले.

“नाही, आबा.”

गाडी कऱ्हाडच्या बाहेर पडली आणि तेव्हा तो शब्द आला. स्प्रिंकल. तिसरीत, छावणीच्या शाळेत, बागेला पाणी घालणाऱ्या मुलीच्या चित्राखाली शिकलेला. मी तो पुटपुटले असेन, कारण आबांनी विचारलं, “काय गं?”

“काही नाही.”

दुकानात तो सुचला असता तरी आतला डाग काही पुसला गेला नसता, हे मला तेव्हाही समजत होतं. इंजिनिअरनं तेच केलं असतं. पण आबा सांडणारा माणूस ठरून परत निघाले नसते.

प्रकाशकांना मी बूथवरून फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि उरलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाला देतो म्हणाले. पुढच्या पुस्तकाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. घरी शाळेबद्दल कुणी काही विचारलं नाही. दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी आईनं डबा भरून ठेवला होता आणि आबांनी माझ्या चपला दारात नीट लावल्या होत्या. वर्गात मी फळ्याकडे तोंड करून पहिलं वाक्य बोलले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “मिस, ऐकू नाही आलं.” त्या वर्षात हे मी इतक्यांदा ऐकलं की मुलांनी त्याचा खेळ केला.

पुढच्या खंडेनवमीला आबांनी नेहमीसारखी हत्यारं मांडली. ट्रंकेतून लॅपटॉपही काढला आणि झाकण मिटूनच पाटाच्या कडेला ठेवला.

“तुझं काय ठिवायचं यंदा?”

मी खडूंचा खोका दिला. त्यांनी तो कुकरीशेजारी ठेवला. हळद-कुंकू त्यांनी खोक्याला, विळीला, मशीनला लावलं. लॅपटॉपवर फक्त एक फूल ठेवलं, ते आधी धोतराला पुसून. नारळ त्यांनी बाहेर पायरीवर फोडला आणि पाणी वाटीत घेऊन आत आले. ताटात आईनं आंब्याची डहाळी ठेवली होती.

“आवं, शिंपडा की,” आई म्हणाली.

“नगं,” आबा म्हणाले.

वाटी दोन्ही हातांनी धरून ते परसात गेले आणि जास्वंदीच्या मुळाशी त्यांनी ती ओतली. परत येऊन त्यांनी रिकामी वाटी ताटात पालथी घातली आणि हात जोडले. पाटावरची सगळी हत्यारं त्या वर्षी कोरडी राहिली, आणि त्यानंतरही दरवर्षी.