आठ पायांचा पडवळ

गेल्या वर्षी काही महिने आमच्या सोसायटीच्या मते आमच्या घरात एकच कुत्रा होता. त्याला पाय आठ होते, एवढंच.

झालं असं, की दिंडोरी रस्त्यावर एक ताई लोकांनी टाकून दिलेली कुत्री सांभाळतात. त्यांच्याकडे मी आणि बाबा ‘नुसतं बघायला’ गेलो होतो. तिथे दोन डॅशहुंड एकमेकांच्या पाठीवर मान टाकून बसले होते. डॅशहुंड म्हणजे लांबलचक अंग आणि बोटभर पाय. देवाने कुत्रा वळायला घेतला आणि पायांपर्यंत येईतो पीठ संपलं, असा प्रकार!

“न्याल तर दोघांना न्या,” ताई म्हणाल्या. “मागे एकदा वेगळे केले होते. हा लंगडा भिंतीकडे तोंड करून बसला. पाण्यालासुद्धा शिवेना.”

मला नाही म्हणता येत नाही. (रिक्षावाल्याला ‘इथे थांबा’ म्हणायचाही मला संकोच वाटतो. तो थांबेल तिथे मी उतरते आणि चालत मागे येते. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालंय, त्यामुळे मला दोन भाषांत गप्प बसता येतं.)

सोसायटीच्या गेटवर चेअरमन देवरे काका उभे होते. काका मूळचे सटाण्याकडचे. लासलगावला कांद्याचे लिलाव पुकारण्यात हयात गेली, त्यामुळे ‘कशी आहेस?’ हेसुद्धा ते शंभर ट्रॅक्टरांना ऐकू जाईल असं विचारतात. माझ्या कडेवर एक कुत्रा होता. दुसरा मागून येणाऱ्या बाबांच्या भाजीच्या पिशवीत, मेथीखाली झोपला होता.

“अरे वा! कुत्रा आणला का बेटा? नियम माहितीये ना? एका फ्लॅटला एकच प्राणी! एकच आहे ना?”

मला म्हणायचं होतं, ‘नाही काका, दोन आहेत.’ तेवढ्यात मेथी शिंकली. बाबांनी घाईघाईने स्वतः शिंकून दाखवलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझी मान आपोआप हलली.

“मान उभी की आडवी?” घरात सगळं ऐकल्यावर आईने विचारलं.

“उभी.”

“छान! एरवी तोंडातून शब्द फुटत नाही, आणि आज मानेनं थाप मारून आलीस!”

बाबांनी एकाचं नाव पडवळ ठेवलं, दुसऱ्याचं दोडका. पण ही नावं घरात. जिन्याच्या खाली दोघंही पडवळ! सकाळी फिरायला जायचा तो खरा पडवळ आणि संध्याकाळी पडवळ म्हणून जायचा तो दोडका. त्याला हे मुळीच मान्य नव्हतं. ‘पडवळ, चल’ म्हटलं की तो दुसरं कोणी येतंय का, म्हणून मागे वळून बघायचा.

त्यात दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. पडवळ दिसेल त्याचं तोंड चाटणार, दोडका दिसेल त्याच्यावर गुरगुरणार.

“सकाळी गळ्यात पडतो आणि संध्याकाळी ओळख देत नाही!” काका म्हणायचे. “निवडणुकीला उभा राहणारे का हा?”

मग त्यांच्या नजरेत दोडक्याचा पाय आला.

“अरे, हा लंगडतोय! सकाळी तर धड होता!”

“संध्याकाळचा गारवा बाधतो हो त्याला,” आई गॅलरीतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वाटीत कोमट तिळाचं तेल घेऊन दारात हजर! मी खऱ्या पडवळला पुढे केलं. तो चारही पायांवर टुणटुण उड्या मारत काकांच्या मांडीवर चढला. काका वाटीकडे बघत राहिले.

“तेलाच्या वासानेच बरं वाटलं बघा त्याला!” आई म्हणाली. काय ही बाई!

पण काकांनी तेल सोडलं नाही. रोज सकाळी पार्किंगमध्ये बसून ते पडवळच्या ठणठणीत पायाला मालिश करायचे. पडवळ डोळे मिटून करून घ्यायचा. ज्याचा पाय दुखत होता तो दोडका वर खिडकीतून बघायचा. मला घास गोड लागेना. खरं सांगावं, तर दोडक्याला परत पाठवतील. न सांगावं, तर काका रोज भलत्याच पायाला तेल चोळणार!

अशात रंगपंचमी आली. जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात, म्हणजे रंगाचे दगडी हौद. आमच्याकडे हौद नाही, पण काका आहेत. ते पाण्याची मोठी टाकी अर्धी कापून तिची रहाड करतात आणि पेठ तालुक्यातून पळसाची फुलं आणून स्वतः रंग उकळतात.

“लिहून घ्या!” काका दरवर्षीसारखे गरजले. “आठ दिवस साबण घासा, हा रंग जाणार नाही!”

तेवढ्यात पडवळ माझ्या हातातून निसटला. टाकीजवळच्या पाटावर चढला आणि धप्पकन आत! काकांनी त्याला उचलून बाहेर काढलं, तेव्हा तो नखशिखांत केशरी झाला होता आणि अतिशय खूश होता. टाळ्या पडल्या. बाबा त्याला टॉवेलात गुंडाळून अंघोळीला वर घेऊन गेले.

आणि बाबांनी दार उघडं ठेवलं!

दहाच मिनिटांत जिन्यावरून टपटप, टप... टपटप, टप असा आवाज आला. दोडका पडवळला शोधत खाली आला होता. कोरडा. स्वच्छ. तपकिरी. अंगावर केशरी ठिपका नाही!

अंगणात सगळे दोडक्याकडे बघायला लागले. मग कोणीतरी फिसकन हसलं.

“काका, तुमचा रंग दहा मिनिटांत धुतला गेला की!”

“आठ दिवस म्हणे! पाण्यात फुलं टाकली होती की नुसती दाखवली होती?”

“पुढच्या वर्षी दुकानातलाच आणा, काका!”

काका दोडक्यापाशी बसले. त्याच्या पाठीवरून बोट फिरवून त्यांनी ते उन्हात धरलं. बोट कोरडं! एवढा मोठा माणूस, पण चेहरा नापास झालेल्या पोरासारखा झाला. “फुलं जुनी असतील,” ते हळूच म्हणाले. (काका हळू बोलले! मला ते सहनच होईना.) “ओता रे ती टाकी गटारात.”

दोघे जण टाकीकडे निघाले आणि कोणीतरी जोरात ओरडलं,

“काका, रंग पक्का आहे! कुत्रे दोन आहेत!”

कोण ओरडलं म्हणून मीही इकडेतिकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

त्याच क्षणी जिन्यावरून बाबा उतरले. बनियन केशरी, हात केशरी, कडेवर केशरी पडवळ. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

“अहो देवरे, काय रंग केलाय! अख्खी वडी संपली साबणाची, तरी जात नाही!”

“पक्का!” काका ताडकन उठले. “बघा! आहे की नाही पक्का!” मग त्यांनी एकदा केशरी कुत्र्याकडे पाहिलं, एकदा तपकिरी कुत्र्याकडे, आणि त्यांची सटाण्याकडची अहिराणी बाहेर पडली. “हाई काय शे!”

मी सगळं सांगितलं. मेथी, शिंक, मान, तेल. सगळं.

“म्हणजे नियम मोडला,” दुसऱ्या मजल्यावरच्या बागूल काकू म्हणाल्या. त्यांच्याकडे वासराएवढा लॅब्रॅडोर आहे. “एक परत द्यावा लागेल.”

मी दोडक्याला उचललं. तो गुरगुरला, पण पडवळकडे बघून गप्प झाला.

काकांनी दोन्ही कुत्री शेजारी उभी केली आणि वाकून त्यांची उंची पाहिली.

“एसटीत लहान पोराला तिकीट किती?”

“अर्धं,” बाबा म्हणाले.

“ही दोघं एकावर एक ठेवली, तरी बागूल वहिनींच्या कुत्र्याच्या छातीला लागतील का? ही दोन अर्धी तिकिटं. दोन अर्धी मिळून एक. नियम शाबूत!” मग त्यांचा लिलावातला आवाज चढला. “कोणाची हरकत? एक वार... दोन वार...”

बागूल काकूंनी कुत्र्यांची उंची वाकून पाहिली आणि तोंड उघडलं. पडवळने तेवढ्यात त्यांची केशरी रंगात न्हालेली पप्पी घेतली.

“...तीन वार!”

त्या संध्याकाळी दोडक्याला पहिल्यांदा तेल मिळालं. त्याने काकांच्या तोंडावर गुरगुरत पाय पुढे केला.

मला तर पंखच फुटले. अख्ख्या सोसायटीसमोर मी ओरडले होते! आता मला जगात कोणाशीही बोलता येईल, अशा थाटात मी दोघांना घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि रिक्षाने परत निघाले. आमचं गेट जवळ आलं. मी घसा खाकरला. गेट समोर आलं. मी पुन्हा घसा खाकरला. गेट मागे जायला लागलं, तेव्हा दोडका असा काही भुंकला, की रिक्षा करकचून थांबली.

“काय झालं, ताई?” रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “त्याला इथे उतरायचंय.”