गोळ्या डब्यात, गाठ पदराआड

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून इथे बडबडतेय.

आईला संधिवात आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी एक गोळी रोज लागते. आज सकाळी तिला नारळ खवता येईना, बोटं टम्म सुजलेली. पाकीट पाहिलं तर गोळ्या बरोबर संपत आलेल्या. मग कोकमांच्या बरणीमागे डबा सापडला. महिनाभर बाईसाहेब रोज एक गोळी पाकिटातून काढून त्यात टाकत होत्या, मला कळू नये म्हणून!

कारण काय, तर मुंबईच्या मावशीने पाठवलेला मेसेज. या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणे.

तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, "लिम्फोमाचा, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढू शकतो, खरं आहे. पण आजार भडकत राहिला तरी हा धोका वाढतोच. म्हणून तर आपण लक्ष ठेवतो. मानेत, काखेत कुठे गाठ आहे?"

"काय नाय हो," आई म्हणाली.

परतताना घराच्या वळणावर हळूच म्हणते, "गो, मानेत एक गाठ हाय. गणपतीपासून. दुखत नाय, म्हणून नाय बोलले."

"अगं, मग मघाशी का नाही सांगितलंस?"

"त्यांनी कॅन्सर म्हटलं असतं तर?"

रिक्षा तिथूनच वळवली. आता पुन्हा त्याच बाकावर बसलोय, नंबर यायचाय.

गोळ्यांचं पाकीट मी रोज तपासत होते. आईची मान एकदाही नाही. तुम्ही तुमच्या आईची कधी बघितलीत?