बर्फाच्या सावलीचा रंग

कुशाबा चिंदरकरांनी आयुष्यभर हिमालय रंगवला आणि आयुष्यात कधी हिमालय बघितला नाही.

त्याचं त्यांना पूर्वी काही वाटतही नसे. शंकरामागे कैलास लागायचा, तो ते द्यायचे. गणपती जवळ आले की लालबागच्या गल्लीगल्लीतली पोरं चाळीच्या दारात येऊन उभी राहायची. "काका, यंदा डोंगर मोठा पायजे. बर्फवाला. खाली तलाव. आणि तलावात दोन बदकं टाका ना!"

"बर्फात बदक गारठून मरात रे."

"मग एकच टाका."

आणि कुशाबा एक बदक टाकायचे.

गणपती बुडाले की उरलेलं वर्षभर गिरगावातल्या मनमोहन धैर्यवानांच्या फोटो स्टुडिओचं काम. तिथे मागचा पडदा कुशाबांचाच. निळं तळं, तळ्यापलीकडे लाल कौलांचं छोटंसं गाव, वर बर्फाचे डोंगर आणि त्या गावाकडे वळणं घेत गेलेला रस्ता. गिरणगावातली कितीतरी नवी जोडपी त्या रस्त्याच्या तोंडाशी खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि 'हलू नका' म्हटल्यावर हलली. पुढे फ्लेक्स आला, मोबाइल आला, स्टुडिओत चष्म्याचं दुकान आलं. पडद्याची गुंडाळी करून मनमोहननी ती माळ्यावर टाकली आणि कुशाबांना सांगितलं, "तुझा हिमालय माझ्या डोक्यावर आहे हं, कुशाबा. काळजी करू नकोस."

आता हा सगळा निसर्ग कुशाबांनी उचलला होता तो खोलीतल्या भिंतीवरच्या एका जुन्या कॅलेंडरावरून. वर्ष संपलं तरी त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, ते काढलं नव्हतं, कारण त्याच्यामागे भिंतीचा पोपडा होता. त्या चित्रात बर्फावर पडलेल्या सावल्या निळ्या होत्या, म्हणून कुशाबांच्याही निळ्या. पण एकदा मनमोहनांकडे तेच चित्र एका पुस्तकात कोरं करकरीत छापलेलं त्यांना दिसलं. त्यात सावल्या जांभळ्या! कुशाबा ते पान उन्हात धरून उभेच राहिले. खिडकीतल्या उन्हाने त्यांच्या कॅलेंडरातला लाल रंग वर्षानुवर्षं चाटून खाल्ला होता आणि ते उरलेल्या निळ्यावर विश्वासून बसले होते.

"म्हणजे मी जन्मभर खोटी सावली घातली?"

"तसं काही नसतं हं," मनमोहन म्हणाले. "मी लग्नानंतर सुमतीला घेऊन नैनीतालला गेलो होतो ना. बर्फ खूप लांब होता आणि माझं सगळं लक्ष घोड्याकडे होतं. फार हलत होता रे तो घोडा. पण तुझं तळं मात्र चुकलंय. खरं तळं हिरवट आहे. शेवाळं असेल."

"पण सावली?"

"सावलीकडे कोण बघतं, कुशाबा?"

कुशाबा बघायचे. पण पुस्तकाचाही भरवसा काय? त्याचीही शाई कुणीतरी घातलेलीच. खरं काय ते तिथे जाऊनच कळणार होतं, आणि जायची तशी काही घाई नव्हती. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला.

समोरचं दिसायचं, बाजूचं पुसलं जायचं. जेवताना ताट दिसे, पण ताटाशेजारचा तांब्या कलंडून आवाज झाला की कळे, तिथे तांब्या होता. थेंब घालून झाले, गोळ्या खाऊन झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "बाबा, गेलेलं परत येत नाही. आहे तेवढं धरून ठेवायचा प्रयत्न करू. किती टिकेल ते मला सांगता येत नाही. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या."

बाई बोलून गेल्या. कुशाबा घरी आले, चप्पल काढली आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "मला बर्फाची सावली बघायची आहे."

"काय बघायचंय?" वैभवने कानातलं गाण्याचं यंत्र काढलं. हा त्यांचा मुलगा, लोअर परळच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला. त्याला सगळं समजावून सांगितलं. सावली त्याला काही कळली नाही, पण डोंगर म्हटल्यावर गडी जागा झाला. "पप्पा, तू फक्त बोल रे. काठगोदामपर्यंत ट्रेन, तिथनं गाडी. भीमताल, नैनीताल, अल्मोडा, कौसानी. कौसानीला तर एकदम समोर, लाईनीत सगळे बर्फवाले उभे. ही ट्रिप नाय, रोड ट्रिप हाय. वाटेल तिकडे थांबायचं."

"वाटेल तिकडे?"

"वाटेल तिकडे. तुला सावली दिसली की बोल, गाडी साईडला."

मग काय, रोज संध्याकाळी मोबाइलवर रस्ता चालू. वैभव बोटाने नकाशा मोठा करायचा आणि कुशाबा नाक टेकवून त्या वळणांवरून डोळा फिरवायचे. अल्मोड्यानंतरच्या एका वळणावर ते रोज थांबत. म्हणायचे, "हितं उतरायचं." तिथे काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या गंगुबाई दाराला टेकून हजर असायच्याच. "माझ्या भाच्यान केल्यान मां काश्मीर. म्हणता, गे आत्ये, थंडीन नाक आसा काय गेला ता हात लावन बघूचा लागता!" शांताबाईंनी तेवढ्यासाठी सगळ्यांच्या नाकाला पुरतील असे मफलर विणायला घेतले.

रजेचंच काय ते नाटक झालं. वैभवचा साहेब वर्षातून एकदाच सलग रजा देई आणि देताना स्वतःची किडनी काढून दिल्यासारखा बोले. "वैभव, भाई, तू समझ रहा है ना? सेल है यार. होली के वीक में चला जा, बाद में मेरे को मुँह मत दिखाना." म्हणून होळीचा आठवडा ठरला. तिकिटं झाली, गाडी सांगून झाली.

आणि शांताबाई म्हणाल्या, "अवो, पण कौल?"

कुशाबांनी मान डोलावली. एवढ्या लांब, तेही असले डोळे घेऊन, गावच्या देवाला न विचारता कसं निघणार? घराण्यात लग्न असो की घराची कौलं शाकारणं असो, आधी देवाच्या दगडावर ओल्या पाकळ्या लावून प्रश्न घालायचा. उजवी पडली तर कर, डावी पडली तर गप बस.

रविवारी सकाळी चिंदरच्या तात्या गुरवांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तात्यांचं अर्धं कपाळ आणि देवळाचा वासा दिसत होता.

"तात्यानू, फोन खाली धरा!"

"खाली धरलंय मां! देव दिसता?"

"तुमचो कान दिसता!"

शेवटी समईला टेकवून फोन उभा राहिला आणि तात्यांनी आवाज लावला. गाऱ्हाणं सुरू झालं की मागे उभ्या असलेल्यांनी प्रत्येक तुकड्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही रीत. चिंदरकरांची पोरं बोलायला शिकतात ती आई, बाबा आणि व्हय म्हाराजा एवढंच घेऊन. मुंबईतल्या त्या खोलीतही चारी जणांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जो काय ह्यो तुझो लेकरू कुशाबा, मुंबैक ऱ्हवन पोट भरता..."

"व्हय म्हाराजा!"

"तो बायल-पोरावांगडा डोंगराच्या वाटेक लागताहा, त्येका सुखरूप ने, सुखरूप हाड..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या डोळ्यांचा जा काय वाकडा-तिकडा आसात, ता तुझ्या पायाखाली घाल..."

"व्हय म्हाराजा!" यावर शांताबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

"आणि ह्या वर्साच्या शिमग्यात तुझ्या पालखेचो मान चिंदरकरांच्या आंगणाक, कुशाबा जातीनिशी हजर ऱ्हवन तुझी सेवा करतलो..."

"व्हय म्हाराजा!"

चौघांच्या तोंडून, एका दमात. गंगुबाईंचा तर काही संबंध नव्हता, पण त्यांचाच व्हय सगळ्यात खणखणीत.

पाकळी उजवी पडली. "दिलान! देवान कौल दिलान!" तात्या नाचले. गंगुबाईंनी साखर आणली. साखर तोंडात टाकता टाकता वैभवचा हात तिथेच थांबला.

"तात्या, ते शिमग्याचं काय बोललात? होळीला तर आमची ट्रेन हाय!"

"मान घेतलात मां तुमी! गावात बघशीत थय कुलपा. पालखी बसवची खंय? मगाशी तुमका इचारलंय, तुमी सगळ्यांनी व्हय म्हटलात. देवाक काय बरा वाटला असात!"

तात्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. रीतच तशी, मागायचं ते गाऱ्हाण्यातच मागायचं.

फोन बंद झाल्यावर वैभव कपाळ बडवू लागला. "पप्पा, तू कशाला बोललास व्हय?"

"तू नाय बोललंस?"

"मी पण बोललो यार! ऑटोमॅटिक निघतं ते तोंडातनं!" मग तो शांत झाला. "ऐक. मी एकटा जातो पालखीला. तू आणि आई जा कौसानीला."

"आणि तिथे मला हाताला धरून कोण नेणार? तुझी आई परळच्या पुलावर चुकते."

"जातीनिशी म्हटल्यानी," शांताबाई मफलर उसवत म्हणाल्या. "तोंडान व्हय म्हटलात, आता देवाक काय सांगतलात?"

उरलेली एवढीशी नजर कुशाबांना ताटाएवढी गोल दिसत होती. दिलेला शब्द मोडला आणि देवाने तेवढंही ताट ओढून घेतलं तर? देव असं करतो असं नाही. पण करणारच नाही असंही नाही. "ऑक्टोबरात जाऊ," ते म्हणाले. "तेव्हा हवा स्वच्छ असते म्हणतात." वैभवने साहेबाचा चेहरा आठवला आणि मान खाली घालून तिकिटं रद्द केली.

शिमग्याला चिंदरच्या अंगणात पालखी बसली. ढोल वाजले, वैभवने पालखी खांद्यावर घेऊन नाचवली आणि रजा संपल्यावर तो मुंबईची बस धरून गेला. कुशाबांना गाववाल्यांनी ठेवून घेतलं. देवळाच्या रंगमंचाचा मागचा पडदा फाटला होता. "कुशाबा, तू मुंबैचो पेंटर. तो तुझो बर्फ काढ एक. हयसरच्या पोरांनी बर्फ फक्त मच्छीच्या पेटीत बघल्यानी हा."

शाळेच्या पडवीत कापड ताणून दिलं. शांताबाईंनी डबे उघडून रंगांची नावं सांगायची आणि कुशाबांनी कापडाला नाक लावून, एका वेळी ताटाएवढंच चित्र काढायचं. पूर्वी ते चार पावलं मागे जाऊन अख्खा पडदा नजरेत घ्यायचे. आता मागे गेले की सगळं धुक्यात बुडे. म्हणून मागे गेलेच नाहीत. तळं हिरवट केलं, मनमोहनांच्या सांगण्यावरून. गाव काढलं, लाल कौलं काढली, अल्मोड्यानंतरचं ते वळण आठवून आठवून काढलं. पोरांनी मागितलं तेव्हा एक बदकही टाकलं. डोंगर पांढरे झाले.

"सावली कोणची घालू?" शांताबाईंच्या एका हातात निळा डबा होता, एका हातात जांभळा.

"ऱ्हवांदे. ऑक्टोबरात बघून येतो, मग घालतो."

संध्याकाळी पडदा वर चढवला. देवळाच्या अंगणात माणसं गोळा झाली आणि एकमेकांकडे बघू लागली. खालून निघालेला रस्ता वळणं घेत सरळ तळ्यात गेला होता. पलीकडच्या गावातून निघालेला रस्ता हातभर वर, नुसत्या आभाळात संपला होता. सावल्यांवाचून डोंगर पिठाच्या ढिगासारखे चपटे दिसत होते.

कुशाबा पडद्याकडे तोंड करून उभे होते. त्यांना फक्त बदक दिसत होतं.

"रस्तो गावाक पोचलो मां रे?" त्यांनी विचारलं.

"व्हय!" सगळं अंगण एका दमात म्हणालं. तात्या म्हणाले, पोरं म्हणाली, शांताबाईही म्हणाल्या.

हा व्हय कुशाबांच्या चांगला ओळखीचा होता. ते खाली बसले, चाचपून शांताबाईंच्या पायाशी आणून ठेवलेल्या दोन्ही डब्यांची झाकणं शोधली आणि अंगठ्याने दाबून घट्ट बसवली. आधी निळ्याचं, मग जांभळ्याचं. की आधी जांभळ्याचं, ते त्यांनी शांताबाईंना विचारलं नाही.