ओबुखोव साहेबांचा कोट

नाझार एकतीस वर्षं ओबुखोव साहेबांच्या घरी राबत होता. सुरुवातीची वर्षं तर त्यांच्या मालकीचा गुलाम म्हणूनच. रशियातल्या पेन्झा शहरात साहेबांचं तैलचित्र काढायचं ठरलं. चित्रकार क्लिमोव्हने तीन बैठकांत चेहरा उरकला, पण पुढे साहेबांचे पाय सुजले, बसवेना. नाझारचे खांदे साहेबांसारखेच, म्हणून त्यांचा पदकांनी भरलेला कोट आणि मानाचा लाल पट्टा त्याच्या अंगावर चढवला.

पहिल्या दिवशी त्याला दरदरून घाम फुटला. मान खाली घालू नका, असं क्लिमोव्ह सारखं बजावायचा. पाचव्या दिवशी नाझार आपसूक ताठ बसला. त्याची बायको उस्तिन्या तिथेच स्वयंपाकीण होती. दारातून बघून गेली आणि नंतर म्हणाली, "तुम्ही इतके देखणे आहात, मला ठाऊकच नव्हतं."

नवव्या दिवशी साहेब काठी टेकत आत आले. नाझार उठणार, तोच क्लिमोव्ह म्हणाला, "हलू नका, छातीवरचा तारा रंगवतोय." नाझार बसून राहिला. मालक उभे, नोकर खुर्चीत. साहेब तसेच परत गेले.

साहेबांच्या नामदिनाला, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या सणाला, पाहुणे जमले, चित्राची वाहवा झाली. मग साहेबांनी नाझारला जुना कोट घालून खुर्चीत बसवलं आणि त्याच्या छातीवर खारवलेल्या माशांची शेपटं स्वतःच्या हातांनी टाचली.

"बसायची फार हौस आहे याला," ते म्हणाले. "करा मुजरा."

एकेक पाहुणा हसत वाकला. क्लिमोव्हही ओठ पुसून वाकला. तेवढ्यात उस्तिन्या ताट घेऊन आली.

"तूही वाक गं," साहेब तिला म्हणाले.

ती वाकली. नाझारच्या डोळ्यांना धार लागली, तसा हसण्याला आणखी जोर आला.

दर नामदिनाला हाच खेळ होऊ लागला. नाझारने नोकरी सोडायचं काढलं, तर या वयात तुला कोण ठेवणार, असं साहेबांनी विचारलं. ते खरंच होतं. तिसऱ्या वर्षी उस्तिन्या सरातोवला बहिणीकडे गेली, ती परतली नाही.

सहाव्या वर्षी जेवणं उरकली, पत्ते पडले, तरी हाक आली नाही. साहेब विसरले होते. नाझारने स्वतःच कोट चढवला, शेपटं टाचली आणि दाराशी येऊन विचारलं, "साहेब, बसू ना?"

"नंतर," साहेब पत्त्यांतून मान वर न काढता म्हणाले.

तो तिथेच उभा राहिला.