मामाला वरून दिसणारं घर

माझा मामा भूशास्त्रज्ञ आहे. म्हणजे पगार पृथ्वीचा घेतो आणि जीव अवकाशात टांगलेला. बायकोचा वाढदिवस त्याला दरवर्षी मामीच्या चेहऱ्यावरून कळतो, पण गुरूच्या चंद्रांची नावं झोपेतून उठवून विचारा. आंघोळीला गेला की बादलीतल्या पाण्याकडे बघत समुद्र किती वर येणार ते मोठ्याने सांगणार, आणि ते ऐकायला दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा मी. नोकरीसाठी त्याच्याकडे राहायला आल्यापासून माझं हवामानाचं शिक्षण असं दाराच्या फटीतून झालं. आमच्या शाळेत भूगोलाच्या तासाला झोपायची सोय होती. मामाकडे तीही नाही.

ऑफिसात त्याचं काम वणव्यांचं. उपग्रह वरून जाताना जमिनीवर कुठे तापलंय ते टिपतो, मामाच्या नकाशावर तिथे लाल ठिपका उमटतो, आणि ठिपका उमटला की वनखात्यात इशारा वाजतो. हे तो कुणालाही सांगायचा. न्हाव्याला, लिफ्टमध्ये अडकलेल्या शेजाऱ्याला, एकदा तर दातांच्या डॉक्टरला, तेही तोंड उघडं असताना.

आमचं घर गावाच्या वर, डोंगराच्या उतारावर. आई मामाची धाकटी बहीण. रोज सकाळी ऑफिसात पोचला की मामा आधी उपग्रहाच्या फोटोत तो उतार शोधायचा आणि आईला फोन लावायचा.

"चिमे, तुझं छप्पर दिसलं बरं का."

पन्नाशीतल्या आईला चिमी म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता.

"आणि दोरीवरची चादर?"

"ती पण दिसली. निळी आहे ना?"

मामा ठोकून द्यायचा. त्या फोटोत आमचं अख्खं घर म्हणजे तांदळातला खडा. आईला हे कळत होतं की नाही कोण जाणे, पण तो फोन आल्याशिवाय ती चहाला तोंड लावायची नाही.

बाबांना मात्र या प्रकाराचा तिटकारा. जन्मभर बस चालवलेला माणूस. समोरच्या काचेतून दिसतं तेवढंच जग खरं. मामाचं नाव त्यांनी दुर्बीण ठेवलं होतं. "काय दुर्बीण, चंद्रावर पाणी सापडलं म्हणे? आमच्या नळाचंही बघा जरा." मामा सगळ्यांबरोबर हसायचा. पण परतीच्या वाटेवर मला म्हणायचा, "एकदा तरी तुझ्या बापाने माझं म्हणणं खरं मानावं रे. एकदाच."

त्याची ती इच्छा पूर्ण झाली.

आमच्या घरामागे, उताराच्या टोकाला, एक चुनाभट्टी होती. भट्टी तापली की उपग्रहाला वाटायचं रान पेटलं. ठिपका, इशारा, वनखात्याची गाडी धापा टाकत डोंगरावर. तिथला अधिकारी शेवटी मामावर उखडला. "साहेब, तुमचा उपग्रह आम्हाला रोज चुना लावतोय." ऑफिसात हे वाक्य आठवडाभर चहाबरोबर फिरलं. मामाला ते लागलं. कायम तापणाऱ्या जागांवर त्यांच्याकडे 'झाकण' घालतात. म्हणजे नकाशावर गोल काढायचा. त्या गोलाच्या आत काहीही तापलं तरी ठिपका येत नाही. भट्टीला बांगडीएवढा गोल पुरला असता. मामाने परातीएवढा काढला. कटकटच नको. खोटे इशारे थांबले म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, आणि घरी येऊन मामाने त्या आम्हाला वाजवून दाखवल्या. आपल्या बहिणीचं घर त्या परातीत आलंय, हे काही त्याने बघितलं नाही. घर शोधायचा तो फोटो वेगळा, ठिपक्यांचा नकाशा वेगळा.

त्यानंतर तीनेक वर्षांनी, उन्हाळ्यात बाबा पायरीवरून घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. पुढच्या खोलीत खाट टाकली. कूस बदलायची म्हटली तरी बसच्या हॉर्नसारखे ओरडायचे. हलवायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद.

आणि एका रविवारी दुपारी कुठल्याशा लघुग्रहावर यान उतरणार होतं. मामाने दिवाणखान्यात सगळी मांडामांड केली: टीव्हीवर यान, मांडीवर लॅपटॉप, शेजारी मी, समोर कपड्यांच्या घड्या घालत मामी. यानाचा संपर्क तुटला होता आणि तो परत येईपर्यंत मामा श्वास सोडायला तयार नव्हता.

तेवढ्यात आईचा फोन. त्याने तो स्पीकरवर टाकला, दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून.

"दादा, इकडे जळल्याचा वास येतोय. दूधवाला गाडी घेऊन दारात आलाय. म्हणतोय रान पेटलंय, निघा."

"थांब, बघतो." मामाने लॅपटॉपवर वणव्याचा नकाशा उघडला. "काही नाही गं. एक ठिपका नाही तुमच्या डोंगरावर. स्वच्छ."

"पण धूर दिसतोय."

"भट्टीचा असेल."

"अरे, भट्टी बंद पडून दोन उन्हाळे झाले."

"मग परत लावली असेल कुणीतरी. चिमे, माझ्यापुढे नकाशा आहे. वणवा लागला तर मला तुझ्याआधी कळेल."

मामी घडी घालता घालता थांबली. "अहो, फोटो तरी बघा एकदा."

"फोटो उघडायला वेळ लागतो. ठिपका आधी येतो. आणि गप्प बस जरा, संपर्क येतोय!"

फोनमधून दूधवाल्याचा आवाज आला, "वहिनी, ह्यांना उचलतो मी, तुम्ही पाय धरा." मग बाबांची किंकाळी. आणि मग धापा टाकत, पण अगदी स्पष्ट, बाबा बोलले.

"ठेव रे खाली. दुर्बिणीने बघितलंय ना? नाही म्हणतोय ना तो? मग नाही. तू जा, बाकीच्यांना ने."

मामाचा चेहरा असा फुलला की टीव्हीवरचं यान फिकं पडलं. "ऐकलंस?" तो मला म्हणाला. "ऐकलंस ना?" तेवढ्यात यानाचा संपर्क आला, टीव्हीतली माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली, आणि मामाने मला मारली.

पुढचं आईकडून कळलं. ज्वाळा कुंपणाला लागल्या तेव्हा बाकीच्यांना सोडून दूधवाला परत आला. त्याने आणि आईने बाबांना चादरीवर घेऊन दारापर्यंत ओढलं. तोवर घरात धूर भरला होता. आई खोकत खोकत वाचली. बाबांचं हाड जागेवर राहिलं की नाही, हे बघायची गरज डॉक्टरांना पडली नाही. छातीत धूर गेला होता. आठवडा काढला त्यांनी.

त्याच रविवारी संध्याकाळी दवाखान्यातून आईचा फोन आला, तेव्हा मामाने पुन्हा तो नकाशा उघडला. डोंगर अजूनही स्वच्छ. आजूबाजूला ठिपके, मध्ये कुणी पुसून काढल्यासारखा कोरा गोल. मामा त्या गोलाकडे बघत राहिला. मग त्याने दोन बटणं दाबून झाकण काढलं. आतला सगळा गोल एकदम लाल झाला.

"हे काय आहे, मामा?" मी विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. अधिकारी, चुना, परात, टाळ्या. दातांच्या डॉक्टरला सांगायचा तसंच, नीट क्रमाने, समजावून. फक्त या वेळी हातवारे नव्हते. मग उठला, दवाखान्यात गेला आणि आईलाही सांगून आला. आईने ऐकलं आणि बाबांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

बाबा गेल्यावर भेटायला माणसं आली. मामा कोपऱ्यात उभा. कुणी त्याला बोललं नाही, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं. शेवटी बाबांच्या एका जुन्या कंडक्टरने, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "असे वणवे हल्ली वाढलेत का हो साहेब?"

आणि मामाचे डोळे चमकले. खरंच चमकले. "वाढणारच की! असं बघा, उन्हाळा लांबतोय, गवत वाळतं, त्यात वारा..." हात हवेत गेले, बोटं ज्वाळांसारखी नाचायला लागली. मग त्याला भिंतीपाशी बसलेली आई दिसली. हात तसेच राहिले, वर. ते खाली कसे घ्यायचे हे त्याला कितीतरी वेळ सुचलं नाही. कंडक्टरनेच शेवटी ते धरून खाली घेतले.

ऑफिसात चौकशी झाली. चूक कुणाची, तर पद्धतीची, असं ठरलं. पद्धतीला समज देण्यात आली. मामा अजून त्याच खुर्चीत बसतो.

आई आता माझ्याबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. सकाळचा फोन चालू आहे. फक्त आता तो ती लावते. मामा ऑफिसात पोचला असेल, असा अंदाज घेऊन.

"दादा, बघितलंस?"

"बघितलं, चिमे."

"काय दिसतंय?"

"काळं आहे."

"बरं." आणि ती फोन ठेवते. मग चहा घेते.

एकही दिवस चुकत नाही. मामाला ताप असो, मीटिंग असो. एकदा त्याने उचलला नाही, तर तिने ऑफिसच्या नंबरवर लावला आणि शिपायाला म्हणाली, "साहेबांना सांगा, बहिणीचं घर बघायचं राहिलंय."

पाऊस झाल्यावर एका सकाळी मामाचा आवाज वेगळा आला. मी शेजारीच होतो.

"चिमे, हिरवं दिसतंय गं! सगळा उतार! जळलेल्या मातीत गवत कसं तरारून येतं माहितीये, राखेमुळे..."

"हो का?" आई म्हणाली. "आणि घर?"

आईने फोन ठेवला नाही. कपात चहा ओतला, त्यावर साय धरेपर्यंत ती फोन कानाला लावून बसून राहिली. शेवटी मामाने "नाही गं" म्हटलं, तेव्हा ठेवला.

"आई, पुरे आता," मी म्हणालो. "रोज सकाळी मरतो तो."

तिने चमच्याने साय बाजूला केली.

"त्यालाच हौस होती ना बघायची?" ती म्हणाली. "बघू दे."